उभे कंपाउंडर

पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात कुत्रं चावलेला माणूस आला की आमचे कंपाउंडर त्याचं नाव विचारत नसत, गाव विचारत नसत, फार दुखतंय का हेही विचारत नसत. माणूस पोटरी धरून विव्हळतो आहे, बायको पदर तोंडाला लावून रडते आहे, सोबतचे चौघे एकाच वेळी बोलताहेत, आणि हे साबणाची वडी हातात घेऊन दारात उभे राहून म्हणत, "कुत्रं कोठी हाय?"

"साहेब, मानसाले चावलं ना."

"मानूस दिसून राह्यला मले. कुत्रं कोठी हाय?"

त्यावर बहुतेकांचं उत्तर एकच असे. मारून टाकलं. हे लोक छाती काढून सांगत, कारण चावऱ्या कुत्र्याला काठ्यांनी संपवणं हे गावाला आपलं कर्तव्यच वाटे. कंपाउंडरांचा चेहरा मात्र घरातलं कोणी गेल्यासारखा होई. "साक्षीदार मारला बह्याडायनं," असं पुटपुटत ते जखम धुवायला घेत आणि धुता धुता दुसरा प्रश्न टाकत, "अन् आखीन कोनाले?" म्हणजे त्या कुत्र्यानं आणखी कोणाला चावलं. या दुसऱ्या प्रश्नाकडं कोणी फारसं लक्ष देत नसे. मीही दिलं नाही, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

मला हा माणूस पहिल्यापासून आवडला नाही, हे सांगून टाकतो. मी तेव्हा हिवताप खात्यात होतो. गावोगाव, तांड्यातांड्यांवर जायचं, घरांच्या भिंतींवर डीडीटी मारून घ्यायचं आणि दारावर गेरूनं तारीख लिहायची, हे माझं काम. वय तेवीस, अंगावर खाकी पँट, सरकारी सायकल, आणि आपल्यावाचून जिल्ह्याचं अडतं अशी पक्की समजूत. दवाखान्याच्या मागच्या चाळीत मी राहायचो आणि समोरच कंपाउंडरांचं घर होतं. त्यामुळे सकाळी डोळे उघडले की पहिलं दर्शन त्यांचंच. अंगणात येरझारा चाललेल्या असत.

ते कधी बसत नसत. कधीच नाही. औषधं उभ्यानं कुटत, पुड्या उभ्यानं बांधत, चहा उभ्यानं पीत. घरी जेवणसुद्धा कोनाड्यात ताट ठेवून उभ्यानं. त्यांची बायको म्हणायची, "लग्नात पाटावर बसले तेवढेच. भटजी उठा म्हनाच्या आधी उठले." डॉक्टर फिरतीवर असत, आठवड्यातून दोन दिवस येत, आणि ते आले तरी यांना खुर्चीवर बसवू शकले नव्हते. कारण विचारलं तर म्हणत, "बसलं का डोयावर झापड येते." गावानं त्यांना 'उभे कंपाउंडर' हेच नाव दिलं होतं. बाहेरगावच्या लोकांना ते त्यांचं आडनाव वाटायचं.

आणि हा उभा माणूस गावाला दहा दिवस मोजायला लावी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कुत्रं पिसाळलेलं असेल, चावताना त्याच्या लाळेत विष असेल, तर ते दहा दिवसांच्या पुढं जगत नाही. म्हणून चावऱ्या कुत्र्याला मारायचं नाही, हाकलायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. बांधायचं, खाऊपिऊ घालायचं आणि रोज डोळ्यांनी पाहायचं. दहाव्या दिवशी कुत्रं धडधाकट असेल तर माणसाच्या पोटातल्या सुया बंद. मेलं किंवा बेपत्ता झालं तर पुऱ्या चौदा. त्या सुया बेंबीच्या आजूबाजूला देत. चौथ्या दिवसानंतर पोटाला सदरा लागला तरी माणूस ओरडे.

दवाखान्याच्या पाटीवर मी असताना एकदा नवा रंग बसला. आधी मुंबई राज्य होतं, मग महाराष्ट्र झाला, आणि माझ्या आधी तिथं मध्यप्रदेश लिहिलेलं होतं. कागदावरचे नियम बदलत, शिक्के बदलत. कंपाउंडर म्हणत, "सरकार कोनतं बी येवो, कुत्र्याचे दहा दिवस तेच."

चावरं कुत्रं दारात ठेवायला कोणी तयार नसे, म्हणून ते आपल्याच अंगणात, कडुनिंबाच्या बुंध्याला बांधत. त्यांना ते पाहुणे म्हणत. पण पाहुणचार विचित्र होता. लांब बांबूच्या टोकानं भाकरीचं भांडं पुढं सरकवायचं, पाणी पाजायचं, आणि बस. नाव ठेवायचं नाही, चुचकारायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही. "लळा लागला का डोये खोटं पाह्यतात," हे त्यांचं तत्त्व. रोज सकाळी कुत्र्यानं त्यांच्यासमोर खाल्लं, प्यायलं की दाराच्या चौकटीवर खडूची एक उभी रेघ. दहाव्या रेघेनंतर गूळभाकरी, आणि मग पहिल्यांदा पाठीवरून हात.

ज्यांची कुत्री पाळीव असत त्यांच्या घरी हे स्वतः जात. गावातल्या एका वकीलसाहेबांकडं विलायती जातीचं कुत्रं होतं. त्यानं पोस्टमनला चावलं. वकीलसाहेब म्हणाले, "आमचं कुत्रं घरातलं आहे, रोज दूध पितं."

"पेऊ द्या ना दूध. दहा दिवस बांधा, गावाबाहीर नेऊ नका, अन् कोनी विचारलं तं लपवू नका. दर साली गुरांच्या दवाखान्यात सुई मारून आना, मंग माह्यं तोंड दिसनार नाई तुमाले."

"हे कोणत्या कलमात आहे?"

"चावतानी त्यानं कलम पाह्यलं नाई, वकीलसाहेब."

रोज सकाळी सातला हे वकिलांच्या फाटकापाशी हजर. कुत्रं खाताना बघायचं आणि फाटकाच्या खांबावर रेघ मारायची. वकिलीणबाई रोज ओल्या फडक्यानं रेघा पुसत, दुसऱ्या दिवशी हे सगळ्या पुन्हा काढत आणि एक वाढवत. पाचव्या दिवशी वकीलसाहेब कुत्र्याला घेऊन नागपूरला लग्नाला निघाले तर हे मोटरीसमोर जाऊन उभे राहिले. उभं राहण्याची सवयच, त्यामुळे पाऊण तास सहज राहिले. शेवटी कुत्रं उतरवलं आणि मोटर गेली. पुढच्या वर्षी मात्र वकीलसाहेब आपणहून कुत्र्याला सुई देऊन आले आणि त्याच्या पट्ट्याला पितळेचा बिल्ला लावून गावभर फिरवलं.

अशा गोष्टी सांगून आम्ही चाळीतली मुलं त्यांच्यावर हसायचो. त्यांच्या चालण्याची, त्या "कोठी हाय"ची नक्कल माझ्याइतकी कोणाला जमत नसे.

मग मला चावलं.

घाटाच्या अलीकडं, सहा मैलांवर एक बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथं मी फवारणीची तारीख लिहायला गेलो होतो. दुपारची वेळ, माणसं रानात. एका दारावर गेरूचा ब्रश टेकवला, तेवढ्यात मागून गुरगुर ऐकू आली. खरं सांगायचं तर मी मागं पाहिलंच नाही. ब्रश टाकला आणि पळत सुटलो. पोटरीत दात रुतले, मी पडलो, कोणीतरी बाई ओरडत आली, पाठीमागं काहीतरी झटापट झाली, आणि मी उठून पुन्हा पळालो ते सायकलीपर्यंत.

सहा मैल सायकल मारताना मी गोष्ट तयार केली. गावात शिरलो तेव्हा मी त्या कुत्र्यासमोर ठाम उभा राहिलो होतो, पंपाच्या नळीनं त्याला दोन ठेवून दिल्या होत्या आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं होतं. चाळीत ही गोष्ट तीनदा सांगून झाल्यावर मी दवाखान्यात गेलो.

"कुत्रं कोठी हाय?"

"तांड्यावर. बांधायला सांगा."

"कसं होतं दिसाले?"

"तांबडं," मी म्हणालो. तांड्यावर एखादं तांबडं कुत्रं असणारच.

"अन् आखीन कोनाले?"

"कोणाला नाही. मी एकटाच होतो."

त्यांनी माझी पोटरी साबणानं इतका वेळ धुतली की मला झोंबून डोळ्यांत पाणी आलं. मग पहिली सुई दिली आणि त्याच संध्याकाळी घाटाकडं परतणाऱ्या एका बैलबंडीवाल्याजवळ तांड्याच्या नायकाला निरोप धाडला. चावलेलं तांबडं कुत्रं जिवंत घेऊन ये, सरकारी काम आहे.

दुसऱ्या दिवशी नायक आला. उंच, वाळका, डोक्याला लाल पागोटं, आणि दोरीला एक तांबडं, तुकतुकीत कुत्रं. त्यानं दोरी दोन्ही हातांनी कंपाउंडरांपुढं धरली, जणू सोयऱ्याला वासरू देतो आहे.

"हेच का?" कंपाउंडरांनी मला विचारलं.

मी त्या कुत्र्याला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पण चाळीतले दोघे तिथं उभे होते. "हेच," मी म्हणालो. "ह्याला मी हजारात ओळखीन."

पुढचे दिवस कसे गेले ते मी कोणाला सांगितलं नाही. पिसाळलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटते हे मी ऐकून होतो. म्हणून सकाळी उठलो की आधी पाण्याचा पेला समोर धरायचा आणि आपल्याला काही होतंय का ते बघायचं. मग प्यायचं. मग वाटायचं, घोट नेहमीपेक्षा जड गेला का? पुन्हा प्यायचं. दिवसातून वीस वीस पेले मी असे प्यालो. ऑफिसात बसवेना, खोलीत झोपवेना. यवतमाळला आईला पत्र लिहायला घेतलं की दोन ओळींनंतर उठून अंगणात जायचो आणि कुत्र्याकडं बघत फेऱ्या मारायचो. पलीकडून कंपाउंडर फेऱ्या मारत असत. आमची तोंडं मध्येच कुठंतरी एकमेकांसमोर यायची आणि आम्ही वळायचो. त्यांच्या बायकोनं एकदा म्हटलं, "एक होता तं पुरत नव्हता."

ते कुत्रं मात्र रोज चट्टामट्टा करून खायचं. माझा जीव त्याच्यात अडकला होता. कोणी नसताना मी गुळाचा खडा टाकायचो, यू यू करायचो, पण ते माझ्याकडं ढुंकून बघायचं नाही. चावल्या दिवसाची एक रेघ आधीच धरून चौकटीवर रेघा वाढत गेल्या. सात झाल्या, आठ झाल्या. कंपाउंडरांनी माझ्यासाठी पेटीत पाच सुया राखून ठेवल्या होत्या. दहाव्या दिवशी एक लागेल, उरलेल्या चार दुसऱ्या कोणाला वाचतील, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी नववी सुई घेऊन मी पोट धरून उभा होतो. एक कोलाम आदिवासी आपल्या पोडातून, म्हणजे वस्तीतून, टोपल्या विकायला आला होता, त्याचा अंगठा कापला होता म्हणून दवाखान्याकडं वळला. अंगणाशी येताच त्यानं आपल्या बोलीत काहीतरी हाक मारली. आणि ते कुत्रं, इतके दिवस कोणाकडं न बघणारं, असं उसळलं की दोरी कडुनिंबाच्या सालीत रुतली. शेपटी, अंग, सगळं हलत होतं. कोलाम त्याच्या गळ्यात पडला.

"हा आमच्या पोडातला हाय," तो म्हणाला. "नायकानं मांगून नेल्ला. आमी म्हनलो तांड्याच्या राखनीले पायजे असंन."

कंपाउंडरांच्या हातातला खडू खाली पडला. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं नाही, कुत्र्याकडंच पाहत राहिले. "मी एक डाव त्याच्यासंगं बोललो असतो," ते हळू म्हणाले, "तांड्याच्या बोलीत एक हाक मारली असती, तं ह्यानं कान हालवला नसता, दुसऱ्याच दिवशी समजलं असतं." मग माझ्याकडं वळले. "पोटरी दाखवा."

मी पँट वर केली.

"दात मांगून हायेत. ओरखाडा खाली ओढला गेला. तुमी उभे नव्हते भाऊ, पयून राह्यले होते. मले पयल्याच दिवशी दिसलं होतं, पन वाटलं, मानूस पयते, त्यात लाज कायची. कुत्रं पाह्यलं होतं का तुमी?"

चाळीतले दोघे आजही तिथं होते. "नाही," मी म्हणालो. तो एक शब्द नऊ दिवस आधी निघाला असता तर काय बिघडलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

ते रागावले नाहीत. चपला घातल्या आणि निघाले. मी सायकल घेऊन मागं धावलो, म्हटलं मागं बसा. बसतील ते कसले. सहा मैल ते पुढं चालले आणि मी सायकल ढकलत मागं. उन्हात मी तीनदा ओढ्याचं पाणी प्यायलो.

नायकानं आम्हाला बघून खाट टाकली. कंपाउंडर उभेच. "चावलेलं कुत्रं कोठी हाय?"

"मेलं," नायक म्हणाला. "पाचव्या रोजी. खाये ना, पेये ना, लाळ गाळे. बंडीखाली तोंड घालून पडलं होतं."

"मंग मले दुसरं कायले आनून देल्लं?"

नायकाला प्रश्नच कळला नाही. तो खरोखर कोड्यात पडला होता. आमच्या तांड्यात, तो सांगू लागला, कोणाचं नुकसान झालं तर जनावर द्यावं लागतं. पंच बसतात, बकरा ठरवतात, वासरू ठरवतात. सरकारच्या माणसाला आमचं कुत्रं चावलं, सरकारनं दंडात कुत्रं मागितलं. "आमचं म्हातारं, खरजेलं होतं साहेब. तसं कसं देऊ सरकारले? म्हनून पोडातून चांगलं पाहून आनलं. रंग बी तुमी सांगतला तोच पाह्यला."

त्यानं आपलं देणं चांगल्यात चांगलं फेडलं होतं. त्याच्यावर रागावायला जागाच नव्हती. लबाडी होती ती फक्त माझी. मग पाचव्या रोजी मेलं हे माझ्या डोक्यात शिरलं. म्हणजे ते पिसाळलेलं होतं, आणि उद्या दहावी रेघ पडून माझ्या सुया बंद होणार होत्या.

मी माझाच विचार करत होतो. कंपाउंडर करत नव्हते. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "अन् आखीन कोनाले?"

नायकानं मागं वळून पाहिलं. झोपडीच्या दारात त्याची सून उभी होती, वीस-एक वर्षांची, कांचोळी-फेटिया या बंजारी चोळी-घागऱ्यातली, दोन्ही हातांत मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिनं हात मागं घेतला.

"बाई, हात दाखव," कंपाउंडर म्हणाले.

बांगड्यांच्या खाली, मनगटाच्या आतल्या बाजूला हळद-चुन्याचा लेप वाळून काळा झाला होता. मी पडलो होतो तेव्हा ओरडत आलेली बाई तीच. माझ्या पोटरीतून कुत्र्याचा जबडा तिनं हातांनी सोडवला होता. मी मागं न बघता पळालो होतो आणि गावात जाऊन मी एकटाच होतो असं सांगितलं होतं. कुत्रं चावल्यावरचा गावठी उतारा म्हणून तिला नायकानं सात विहिरींत डोकावायला लावलं होतं, तेवढ्यावर सगळे निर्धास्त होते.

"विहिरी पाह्यल्या ते बरं केलं," कंपाउंडर म्हणाले. "आता दवाखान्यातली आठवी पाहा. बंडी जुपा."

दवाखान्यात आल्यावर नवा पेच. जखम धुवायची तर बांगड्या काढाव्या लागणार, आणि नायकानं हात आडवा घातला. सवाशीण बाई, नवरा धडधाकट, बांगड्या उतरत नसतात. मला वाटलं आता हे भांडतील. त्यांनी साबणाची वडी घेतली, तिचा हात फेसानं माखला आणि एकेक बांगडी वरच्या बाजूला सरकवत नेली, कोपराच्या वर दाटीवाटीनं बसवली. एकही उतरवली नाही. मग मनगट धुतलं. नऊ दिवसांनी धुवून काय होणार होतं कोण जाणे, पण मला धुतलं होतं तितकाच वेळ धुतलं. पाणी मी ओतत होतो. तिचा हात जराही हलला नाही.

पेटीत पाच सुया होत्या. यवतमाळहून आणखी येणार त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या मोटरीनं.

"तुमच्या नऊ झाल्या," कंपाउंडर मला म्हणाले. "तिची एक बी नाई, अन् चावा हाताले हाय, तो वाईट. मोटर येईस्तोवर तिले रोज दोन देतो. तुमाले खाडा पडते. बोला."

"खाडा पडला तर काय होईल?"

"मले मालूम नाई."

टेबलावर पाण्याचा पेला होता, त्याच्याकडं बघत राहिलो. ज्या बाईनं मला सोडवलं ती चार हातांवर उभी होती, आणि मी माझ्या पाच सुया मोजत होतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी "द्या" म्हणालो तेव्हा त्यांनी काचेच्या नळीची मान आधीच मोडलेली होती. मग मला विचारलं कशाला, हे मी त्यांना पुढं कधी विचारू शकलो नाही. मला वाटतं, ते मला उशिरा का होईना ते म्हणायची संधी देत होते.

तिला त्यांच्या बायकोनं घरात ठेवून घेतलं. सुया संपल्या, मोटरीनं नव्या आल्या, माझा खाडा भरून निघाला, तिच्याही पुऱ्या झाल्या. कोलामाचं कुत्रं गूळभाकरी खाऊन आपल्या पोडात गेलं. पण हाताचा चावा सहा महिने बघावा लागतो असं कंपाउंडर म्हणाले, आणि औषधांच्या कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी दर आठवड्याला दोन रेघा मारायला सुरुवात केली. एक माझी, एक तिची. दर बाजाराच्या दिवशी नायक तिला घेऊन येई, ती दारातून तोंड दाखवी, पाणी पिऊन दाखवी आणि जाई. मी त्या वेळी ऑफिसात राहायचो. तिच्यासमोर जायचा धीर नव्हता. पण संध्याकाळी कोठीचं दार ढकलून रेघ पडली का ते बघितल्याशिवाय मला जेवण जात नसे. एकदा पावसात ओढे भरले आणि दोन आठवडे तिची रेघ पडली नाही. तेव्हा आम्ही दोघं अंगणात एवढे चाललो की तिथलं गवत गेलं.

एक बदल मात्र झाला. कंपाउंडर पाहुण्या कुत्र्यांशी बोलू लागले. मराठीत, हिंदीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, मोडक्यातोडक्या कोलामीत, चारी भाषांत हाका मारून बघत. गाव हसायचं. मी हसणं सोडलं होतं, नक्कलही सोडली होती.

सव्विसाव्या आठवड्याच्या बाजाराला त्यांनी मला हात धरून दवाखान्यात आणलं. नायक होता, ती होती. तिनं पेला तोंडाला लावला, पाणी गटागटा प्यायली, तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघून हसली.

"साहेब, तुमी लय जोरात पयता," ती म्हणाली. "मी हाक मारून राह्यली होती, थांबा म्हनून. तुमी मांगं पाह्यलंच नाई."

नायक तिला दटावू लागला, पण तिचं हसणं थांबेना. ओळीत बसलेले रोगी हसले, चाळीतले दोघे हसले. तिला मागं टाकून पळालो हे सहा महिने लपवायला मी जीव टाकत होतो, ते भर बाजाराच्या दिवशी उघडं पडलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला मी "माफ कर" म्हणालो. तिला ते कशाबद्दल हे नीट कळलं नसावं. ती बांगड्या वाजवत बाजारात निघून गेली.

कंपाउंडर हसले नव्हते. ते कोठीत गेले, दाराच्या आतल्या बाजूला शेवटच्या दोन रेघा काढल्या, मोजल्या. मग फडकं ओलं करून दोन्ही ओळी वरपासून खालपर्यंत पुसून काढल्या. बाहेर आले, रोग्यांच्या बाकाकडं पाहिलं, आणि बसले.

एक म्हातारी घाबरून उठायला लागली. त्यांनी पाय पुढं पसरले, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "भाऊ, पानी आना."

मी दोन पेले आणले. त्यांच्या शेजारी बसून माझा पेला पिऊन टाकला, आणि संपल्यावर लक्षात आलं की आज मी पिण्याआधी पेल्याकडं पाहिलंच नव्हतं.